मर्ना कोस्केला आणि न पुसलं जाणारं प्रकरण

आमच्या हॅनकॉक गावात मर्ना कोस्केलाला लोक ओळखायचे ते आर्वो कोस्केलाची थोरली म्हणून. आर्वो काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी थंडीतला पहिला मोठा बर्फ पडला की दुकानात कोणीतरी म्हणायचंच, आर्वो असता तर एव्हाना रस्ता मोकळा झाला असता. त्याची लेक काय करते, हे मात्र तिच्या चर्चमधल्या बायकांनाही धड सांगता यायचं नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये काहीतरी’ एवढंच.

ते काहीतरी मी रोज बघत होते, कारण मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसत होते. उतारावरच्या एका जुन्या चपलांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. मोजकी माणसं होतो. लांबलचक लिहिणाऱ्यांसाठी आम्ही एक प्रोग्राम बनवून विकत होतो. प्रबंध लिहिणारे, चर्चचा इतिहास लिहिणारे, निवृत्त झाल्यावर आपल्या घराण्याची हकिगत लिहायला बसलेले, असे आमचे लोक. त्यांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचं काम माझं. आणि लिहिलेलं जतन कसं व्हावं, तेवढा भाग मर्नाचा.

तेवढाच. बाकी अक्षरं, रंग, समास यांत तिला रस नव्हता. पण ‘सेव्ह’ या शब्दाच्या मागे काय काय घडतं, त्यावर तिने उमेदीची वर्षं घातली होती. मला तिने एकदा समजावून सांगितलं होतं, तेही जेवणाच्या सुट्टीत, आईने टॉवेलात गुंडाळून दिलेली पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, खाता खाता.

“हे बघ, पॉलेट. जुन्या पातेल्यातलं दूध नव्या पातेल्यात घ्यायचंय. वाईट प्रोग्राम काय करतो, आधी जुनं पातेलं मोरीत ओततो आणि मग नवं भरायला घेतो. तेवढ्यात वीज गेली तर?”

“तर दूधही नाही आणि पातेलंही नाही.”

“म्हणून आपण नवं पातेलं आधी पूर्ण भरतो. भरलंय की नाही ते बघतो. मगच जुनं बाजूला करतो. माणसाने एकदा टाईप केलं ना, की ते आपल्या हातून सांडता कामा नये. बाकी प्रोग्राम कसाही दिसू दे.”

दुसरी तिची काळजी होती, ती फाईल कोणी बाहेरून बदलली तर काय, याची. तुम्ही एका कॉम्प्युटरवर लिहिताय आणि तीच फाईल तुमच्या भावाने दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बदलली, तर प्रोग्रामला ते कळायला हवं. नाहीतर जो शेवटी सेव्ह करेल तो दुसऱ्याचं लिहिलेलं गाडून टाकेल. आमचा प्रोग्राम फाईल शेवटची कधी बदलली ती वेळ बघायचा. वेळ बदललेली दिसली की विचारायचा: ही फाईल दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे, तुमची ठेवायची की त्यांची घ्यायची? हॅलिफॅक्सचे एक म्हातारे पाद्री या प्रश्नाने हैराण झाले होते. त्यांच्या चर्चच्या कॉम्प्युटरचं घड्याळच बिघडलेलं होतं, त्यामुळे त्यांना दर परिच्छेदाला तो प्रश्न यायचा. ‘मी आणि देव सोडून या फाईलला कोणी हात लावत नाही’ असं त्यांनी मला लिहिलं. मर्ना हसली नाही. तिने त्यांच्यासाठी प्रोग्राम बदलून दिला. वेळेवर विश्वास न ठेवता आतला मजकूरच आधीच्या मजकुराशी ताडून बघायचा. कडी वाजली म्हणून चोर आला म्हणायचं नाही, घरातलं काही हललंय का ते बघायचं, असं तिचं म्हणणं. असे बारीकसारीक बदल ती एकेका गिऱ्हाइकासाठी करून द्यायची आणि त्याबद्दल आमचा मालक ग्लेन तिच्यावर कुरकुरत असायचा.

मर्नाने लग्न केलं नाही. टॅपिओलाला, गावापासून चांगली लांब, कोस्केलांची जुनी शेती होती. आई तिथे एकटी राहायची. मर्ना गावात राहायची आणि शनिवार-रविवार आईकडे जायची. माझा घटस्फोट झाल्यावर ती मलाही ओढून न्यायला लागली. शनिवारी सौना, म्हणजे लाकडी खोलीतली गरम वाफेची आंघोळ, मग कॉफी आणि वेलदोड्याचा पाव.

तिची आई लेम्पीबाई. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी जन्म काढला होता. अजूनही त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की आपण हात धुतलेत का, असं वाटायचं. मी फ्रेंच घरातली, म्हणून माझी त्या सारखी खेचायच्या.

“ये पोरी. साखर तिकडे आहे. तुम्हा लोकांना मटणातही लागते ना?”

“आमच्याकडे निदान चव असते, मिसेस कोस्केला.”

“ऐकलंस मर्ना? हिच्यासाठी पेस्टीत रुटाबागाचा कंद घातला आणि ही मला चव शिकवतेय.”

मग डॉक्टरांनी सांगितलं की लेम्पीबाईंना विसरायला व्हायला लागलंय. सुरुवात आहे, हळूहळू वाढेल, म्हणाले. सध्या घरी एकट्या राहायला हरकत नाही, पण लक्ष ठेवा. लेम्पीबाईंनी ते हवामानाचा अंदाज ऐकावा तसं ऐकून घेतलं. घरी आल्यावर लेकीला एवढंच म्हणाल्या, “या घरातून मला कधी हलवायचं ते मी सांगेन. मला कळेल. तोवर कोणी विषय काढायचा नाही.” मर्नाने कबूल केलं. डुलूथला राहणाऱ्या धाकट्या बहिणीने, डार्लीनने, फोनवर कबूल केलं.

विसरायच्या आत सगळं लिहून काढायचं, हे लेम्पीबाईंनीच ठरवलं. मर्नाने स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, पिठाच्या डब्याशेजारी, त्यांना कॉम्प्युटर मांडून दिला आणि आमचाच प्रोग्राम त्यावर घातला. फाईल अशा ठिकाणी ठेवली की ती डुलूथला डार्लीनलाही दिसावी. लेम्पीबाई दोन बोटांनी लिहायच्या. पण लिहायच्या. आजोबा फिनलंडहून आले, खाणीत गेले, खाणीतून पळून शेतीवर आले. सौना आधी बांधला, घर नंतर. आईची पहिली गाय. आर्वो आणि बर्फ. आणि रे.

रे म्हणजे मर्नाचा भाऊ. तरुणपणीच गेला. मार्च महिन्यात गावालगतच्या कालव्यावरचा बर्फ वरून पांढरा आणि आतून कुजलेला असतो, हे इथे शेंबडं पोरही जाणतं. रेसुद्धा जाणत होता. तरी त्याने संध्याकाळी स्नोमोबिल, बर्फावर चालणारी गाडी, कालव्यावर घातली. पाठीमागे एक तान्ही मुलगी ठेवून गेला, रॉक्सॅन. ती आता ग्रीन बे शहरात असते. कोस्केलांच्या घरात रेबद्दल बोलत नसत. फोटो होता, त्याची धूळ पुसली जायची, बस. म्हणून लेम्पीबाईंनी त्याच्यावर अख्खं प्रकरण लिहिलं, तेव्हा मर्ना ऑफिसात ते वाचताना तोंडावर हात ठेवून बसली होती.

“आईने तो सगळा लिहिलाय,” ती मला म्हणाली. “त्याचे बूट, त्याचं खोटं बोलणं, सगळं. शेवटची संध्याकाळसुद्धा. मला यातलं अर्धं माहीतच नव्हतं.”

पहिली भानगड डार्लीनमुळे झाली. तिला आईच्या चुका दिसल्या की राहवायचं नाही. ती तिकडून स्पेलिंगं दुरुस्त करायची. एका सकाळी लेम्पीबाईंच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमचा तो प्रश्न आला: ही फाईल दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे. त्यांनी ऑफिसात फोन केला. मीच उचलला.

“मर्नाला दे. घरात कोणीतरी शिरलंय.”

“काय? कुठे आहे?”

“ते मला काय माहीत? मशीन सांगतंय. माझ्या लिहिण्याला कोणीतरी हात लावलाय.”

मर्ना तडक गाडी घेऊन गेली. पोचली तेव्हा आई हातात बिडाचा तवा घेऊन दाराशी उभी होती. घरात अर्थातच कोणी नव्हतं. मर्नाने आईच्या प्रोग्राममधून तो प्रश्नच काढून टाकला. बाहेरून काही बदललं, तर न विचारता, न सांगता, नवीन मजकूर समोर यावा. डार्लीनच्या दुरुस्त्या गुपचूप व्हायला लागल्या आणि आईचं घाबरणं थांबलं.

दुसरी भानगड मोठी होती. ईस्टरच्या आधी घर घासूनपुसून काढताना लेम्पीबाईंनी ओलं फडकं घेऊन कीबोर्डही पुसला. ओटा पुसतात तसा, जोर लावून. मशीन चालूच होतं. कुठली बटणं एकदम दाबली गेली देव जाणे, सगळा मजकूर निवडला गेला आणि पुसला गेला. आणि मर्नाने लिहिलेल्या प्रोग्रामने आपलं काम चोख केलं. ते कोरं पान त्याने काळजीपूर्वक, नवं पातेलं आधी भरून, सेव्ह केलं. डार्लीनच्या मशीनवरही ते कोरं पान तितक्याच इमानाने जाऊन पोचलं. सुदैवाने डार्लीनने थोड्याच दिवसांपूर्वी छापून घेतलेलं होतं, म्हणून बरंचसं परत आलं. छापून झाल्यावर लिहिलेली ‘आईची पहिली गाय’ मात्र गेली ती गेलीच. लेम्पीबाईंना ती पुन्हा लिहिता आली नाही.

त्यानंतर मर्नाने आईच्या प्रोग्राममध्ये जो बदल केला, तो तिने कुठल्याच गिऱ्हाइकासाठी कधी केला नसता. एका झटक्यात पानाहून जास्त मजकूर गेला, तर प्रोग्रामने ते सेव्ह करायचं नाही. पडद्यावरून गेलेलं दिसेल. फाईलमध्ये मात्र जुनं, पूर्ण असलेलंच राहील. दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं की सगळं जागच्या जागी. आणि काय काढलं गेलं होतं, त्याची एक प्रत मर्नाकडे जाईल. विचारायचं नाही, सांगायचं नाही. विचारलं की आई घाबरते.

“हे बरं केलंस,” मी म्हणाले. तेव्हा मला ते खरंच बरं वाटलं होतं.

उन्हाळाभर सगळं सुरळीत चाललं. सप्टेंबरात मर्नाकडे पहिली प्रत आली. आईने रेचं प्रकरण काढून टाकलं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तेवढंच, नेमकं. प्रोग्रामने ते अर्थातच सेव्ह केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच प्रत. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मर्नाने माझ्यासमोरच डार्लीनला फोन लावला. पलीकडून डार्लीनचं रडणं मला ऐकू येत होतं.

“ती त्याला विसरायला लागलीय, मर्ना. तिला कळतच नसेल हा कोण. कोणा परक्याचं काहीतरी मध्येच आलंय असं वाटत असेल.”

“तिला विचारू?”

“काय विचारणार? तुझा मुलगा तुला आठवतो का? मला नाही बाई असलं विचारता येणार. असू दे. राहतंय ना आत सगळं? मग झालं.”

राहत होतं. रोज लेम्पीबाई काढत होत्या आणि रोज ते राहत होतं. दोघी बहिणींना त्यातच समाधान होतं. आईच्या डोक्यातून रे पुसला गेला, तरी फाईलमधून पुसला जात नाही.

त्याच दिवसांत लेम्पीबाईंच्या खिडकीच्या पडद्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे दिसायला लागले. आधी एक, मग दोन, मग ओळीने. मी शनिवारी गेले की मला ते दिसायचे. विसरणारी माणसं कुठेही काहीही ठेवतात, हे मी ऐकून होते, म्हणून मी विचारलं नाही. लेम्पीबाईंच्या तोंडचे टोमणेही आटले होते. साखर तिकडे आहे, एवढंच सांगायच्या. फ्रेंच लोकांचं नावही काढायच्या नाहीत. मग त्या लिहायच्याच थांबल्या. मशीनवर त्यांनी भरतकामाचं कापड घातलं.

ऑक्टोबरच्या शेवटी एका शनिवारी, सौना झाल्यावर, केस ओले असतानाच आम्ही तिघी टेबलाशी बसलो होतो. लेम्पीबाईंनी कॉफी ओतली, पाव कापला, सुरी पुसून ठेवली आणि मग म्हणाल्या, “मी हॉटनच्या त्या वृद्धाश्रमात फोन केला होता. खोली आहे म्हणतात. बर्फ पडायच्या आत गेलेलं बरं.”

मर्नाने कप खाली ठेवला. “का? डॉक्टर म्हणाले ना, अजून पुष्कळ…”

“डॉक्टर काय, महिन्यातून एकदा बघतो. मला कळेल असं मी म्हणाले होते ना? कळलं.”

“काय झालं? गॅस चालू राहिला?”

“गॅस तुझाही राहतो. नावं विसरते, त्याचंही मला काही नाही. रेव्हरंडच्या बायकोचं नाव मला कधीच आठवत नव्हतं, आवडत नाही म्हणून.” त्या हसल्या नाहीत. “विसरणं मला समजतं, मर्ना. एखादी गोष्ट केली आणि आठवत नाही, ते विसरणं. हे दुसरंच काहीतरी आहे. मला आठवतंय की मी केलं, आणि मी केलेलंच नसतं.”

“म्हणजे?”

त्या उठल्या आणि खिडकीच्या पडद्यापाशी गेल्या. “लिहिलेलं एक मला काढायचं होतं. काढलं. दुसऱ्या दिवशी बघते तर आहे तिथेच. म्हटलं, काढायचं राहिलं असेल. परत काढलं. परत आहे. मग म्हटलं, लेम्पी, आता खूण ठेव. काढलं की एक चिमटा लावायचा. हा लावला. सकाळी आले, चिमटा होता.” त्यांनी बोट ठेवलं. “आणि ते लिहिलेलंही होतं. हा दुसरा. हा तिसरा. चिमटे सगळे आहेत, बघ. म्हणजे मी येते, चिमटा लावते आणि समजते की मी काढलं. न काढताच. ज्या बाईला स्वतःच्या हातांनी काय केलं ते सांगता येत नाही, तिने चुलीशी एकटीने राहू नये. उद्या मला आठवेल की मी आग विझवली.”

मी मर्नाकडे बघितलं नाही. मला बघवलंच नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मर्ना अंगात कोटही न घालता बाहेर गेली. खिडकीतून ती लाकडांच्या ढिगाशी पाठमोरी उभी दिसत होती.

“हिला काय झालं?” लेम्पीबाई म्हणाल्या. “आश्रमाचं नाव काढलं की रडायचं, याच्यासाठीच मी सांगत नव्हते.”

“येईल ती,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? हे तिनेच सांगायला हवं होतं.

मर्ना आत आली ती बसली नाही. ओट्याला टेकून, हात मागे बांधून उभी राहिली. शाळेत चूक झाल्यावर उभं राहतात तशी.

“आई, तू काढलं होतंस.”

“काय?”

“रेचं प्रकरण. तू काढलं होतंस. रोज. मी ते परत येईल असं करून ठेवलं होतं.”

लेम्पीबाईंना ते लगेच कळलं नाही. मर्नाने पुन्हा सांगितलं. फडक्याने पुसलं गेलं होतं ते आठवतं का, आठवत होतं. तसं पुन्हा होऊ नये म्हणून मोठा मजकूर गेला तर मशीनने तो जाऊ द्यायचा नाही, असं आपण केलं. आणि तुला काही विचारायचं नाही, असंही. गेल्या महिन्यापासून आपल्याला रोज कळत होतं की आई रेला काढतेय.

“म्हणजे मी काढलं होतं,” लेम्पीबाई म्हणाल्या.

“हो.”

“प्रत्येक चिमट्याला?”

“प्रत्येक.”

त्या खाली बसल्या. टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर आधी राग आला नाही. आधी जे आलं ते बघून मला रडू फुटलं. बाळंत झालेल्या बाईला मूल ठीक आहे असं सांगतात, तेव्हा तिचा चेहरा होतो तसा झाला होता.

मग राग आला.

“मला विचारलं का नाहीस?”

“तू घाबरशील म्हणून.”

“मग गेला महिनाभर मी काय नाचत होते?”

मर्नाने पडद्यावरच्या चिमट्यांकडे बघितलं.

“तुम्हाला दोघींना वाटलं मी रेला विसरले.” त्यांचा आवाज चढला नव्हता. शाळेतली पोरंही त्यांच्या या आवाजाला भ्यायची. “मी त्याला विसरेन? तुझं नाव विसरेन मी, मर्ना. माझं विसरेन. त्याच्यावर लिहिलं तेव्हा मला त्याचा राग आला होता. इतकी वर्षं कोणापाशी बोलले नाही तो राग. तो पिऊन आला, बापाला काय काय बोलला, मी त्याला काय म्हणाले, आणि मग तो त्या कालव्यावर गेला. ते सगळं लिहिलं आणि राग संपला. लिहायचं होतं ते. ठेवायचं नव्हतं. रॉक्सॅनने तिच्या बापाची ती संध्याकाळ वाचायची आहे का? कशाला?”

“ती संध्याकाळ काढ,” मर्ना म्हणाली. “बाकीचं ठेव. आई, त्यात तो लहान आहे. ते दुसरीकडे कुठेच नाही. आपल्या घरात त्याच्याबद्दल कोणी एक शब्द बोललेलं नाही.”

“बाकीचं सगळं त्या संध्याकाळकडेच जातं. मी तसंच लिहिलंय. बूटसुद्धा तिकडेच जातात. मला आता दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येणार नाही, तेवढं डोकं राहिलेलं नाही. म्हणून सगळं काढायचं.” त्यांनी बोटाने मशीन दाखवलं. “हे मी विचार करून ठरवलं होतं. विचार करून ठरवता येणाऱ्या माझ्या शेवटच्या गोष्टींतली ती एक असेल. आणि तुम्ही ती आजारात धरलीत.”

मर्नाने मशीनवरचं भरतकामाचं कापड काढून घडी घातली. खुर्ची ओढून आईला दिली. लेम्पीबाईंनी स्वतः ते प्रकरण निवडलं, दोन बोटांनी, आणि काढलं. मर्नाने आपण घातलेला बदल काढून टाकला आणि मग सेव्ह केलं. बंद करून पुन्हा उघडून दाखवलं. नव्हतं.

“सगळीकडून गेलं?”

खोटं बोलायला इतकी सोपी जागा मर्नाच्या आयुष्यात दुसरी आली नसेल. आईला कळायचा काही मार्ग नव्हता. “नाही,” मर्ना म्हणाली. “माझ्याकडे रोज येणाऱ्या प्रती आहेत. ऑफिसात एक आहे. डार्लीनकडे छापलेली आहे.”

“मग?”

तिने आईसमोरच एकेक प्रत काढली. कुठून काय काढतेय ते मोठ्याने सांगत काढली. ज्या बाईने उभा जन्म परक्यांचं एक अक्षर सांडू दिलं नव्हतं, ती सख्ख्या भावाला असं जागोजाग जाऊन पुसत होती. डार्लीनला तिथूनच फोन लावला.

“तू वेडी आहेस का?” डार्लीन इतकी ओरडली की फोन कानापासून लांब धरावा लागला. “आईला काय कळतंय? हो म्हण आणि ठेव एक!”

“आईला कळतंय, डार्लीन. हेच तर सांगतेय. तिला सगळं कळत होतं.”

“मी जाळणार नाही.”

“मग तू स्वतः तिला सांग, ठेवलंय म्हणून. ती इथेच बसलीय. मी हो म्हणून सांगणार नाही.”

डार्लीनने फोन आपटला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून आईला फोन करून सांगितलं, घातलं ते शेगडीत.

लेम्पीबाई त्या वर्षी आश्रमात गेल्या नाहीत. सकाळी येऊन बघणारी एक बाई ठेवली आणि मर्ना टॅपिओलालाच राहायला गेली. सबंध हिवाळा ती ऑफिसला रोज तेवढी लांब गाडी हाकत आली. ऑफिसात तिने प्रोग्रामचा आपला भाग पुन्हा उघडला आणि त्यात लोकांना निवडायला दिलं: मशीनने आपणहून सेव्ह करायचं, की तुम्ही सांगाल तेव्हाच. मोठा मजकूर गेला तर गप्प बसायचं नाही, तुम्ही मुद्दाम काढलंत का, असं विचारायचं आणि हो म्हटलं की मान्य करायचं. बाहेरून फाईल बदलली तर ‘दुसऱ्या कोणीतरी’ असं मोघम म्हणायचं नाही. कुठल्या मशीनवरून, कधी, काय बदललं, ते दाखवायचं.

ग्लेन वैतागला. “लोकांना प्रश्न नको असतात, मर्ना. त्यांना काळजी मिटलेली हवी असते.”

“कोणाची?” मर्नाने विचारलं. ग्लेन मान हलवत आपल्या टेबलाकडे गेला. गिऱ्हाइकांनी मात्र मला बरंच सुनावलं. आधीचंच बरं होतं, मुकाट्याने व्हायचं, असं पुष्कळांनी लिहिलं.

पुढच्या हिवाळ्यात लेम्पीबाईंचं खूपच बिघडलं. मला त्या कधी शाळेतली कोणी मदतनीस समजायच्या आणि बटाटे सोलायला बसवायच्या. एका दुपारी मी बटाटेच सोलत होते. मर्ना त्यांचे केस विंचरत होती. बाहेर चांगलं ऊन होतं आणि छपरावरून पाणी गळत होतं.

“रेचं लिहिलेलं कुठे आहे?” लेम्पीबाईंनी एकदम विचारलं. “मी लिहिलं होतं. मशीनमध्ये. मला वाचून दाखव.”

कंगवा थांबला. “ते नाही आता, आई.”

“कोणी काढलं?”

“तू काढलंस.”

“मी?” त्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. “मी कशाला काढेन? तू काढलंस.”

“तू काढलंस. मी परत घातलं होतं, तेव्हा तू रागावलीस. मग पुन्हा तू काढलंस. मी शेजारी बसले होते.”

“एक ठेवलं असशील.”

“नाही ठेवलं.”

लेम्पीबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं, आता या रडणार आणि हिला ते आयुष्यभर पुरणार. मर्नाने पुन्हा विंचरायला घेतलं. हळूहळू, टोकांपासून.

“त्यात त्याचे बूट होते,” ती म्हणाली. “बाबांचे जुने. त्याला मोठे व्हायचे, म्हणून पुढे वर्तमानपत्र कोंबून घालायचा.”

“वर्तमानपत्र नाही. लोकर.”

“लोकर. आणि शाळेत सगळ्यांना सांगायचा की बाबांनी मला बर्फाची गाडी चालवायला दिली.”

“खोटारडा होता,” लेम्पीबाई म्हणाल्या. “गोड खोटारडा. मास्तरांना ते खरं वाटलं होतं. मला बोलावून घेतलं होतं शाळेत.”

“ते मला माहीत नव्हतं.”

“तुला काय माहीत असणार? मग घरी आल्यावर आर्वोने त्याला खरंच गाडीत बसवलं. म्हणाला, आता तरी खरं झालं ना.”

हे त्या फाईलमध्ये कधीच नव्हतं. मर्नाचा हात तिथेच थांबला. मीही सुरी खाली ठेवली. लेम्पीबाई आणखी थोडं बोलल्या. गाडीच्या दिव्यात बर्फ कसा दिसायचा, रे मांडीवर झोपून घरी कसा आला, त्याची टोपी कुठे पडली. मग आठवण सुटली. त्या हातांकडे बघत बसल्या.

“पुढे काय होतं त्यात?” त्यांनी विचारलं.

मर्नाला सगळं पाठ होतं. कालव्यापर्यंतचा शब्द न् शब्द.

“पुढचं तू काढलंस, आई.”

लेम्पीबाईंनी थोडा विचार केला. “मग काही कारण असेल,” त्या म्हणाल्या आणि विंचरून घेण्यासाठी मान पुढे केली.